सप्तमीचा अपराह्ण

आम्हा वाशीमकरांना एक अभिमान जन्मतःच मिळतो. जुन्या ज्योतिर्गणितात पृथ्वीवर जी मध्यरेषा कल्पिलेली आहे, ती आमच्या गावावरून जाते. ज्याचे गाव या रेषेच्या पूर्वेला किंवा पश्चिमेला असेल, त्याने ग्रंथातले गणित आपल्या गावापुरते दुरुस्त करून घ्यायचे असते. या दुरुस्तीला देशांतर-संस्कार म्हणतात. पाठशाळेत हा भाग आला की आमचे गुरुजी पोथीचे पान सरळ उलटून पुढे जात. "आपण रेषेवरच बसलो आहोत," ते म्हणत, "आपले देशांतर शून्य." पुढे चाळीस वर्षे मी संस्कृत शिकवले, आणि ते पान मीही तसेच उलटत आलो. त्याची आठवण मला सत्तरी ओलांडल्यावर झाली, आणि तीही पॅसिफिक महासागरात, एका शिडाच्या बोटीवर.

बोट माझ्या मुलीची आणि जावयाची. जावई शेलूबाजारचे, शेतकऱ्याच्या घरातले. मोठ्या जहाजांवर यंत्रांचे काम करता करता त्यांना समुद्राची अशी ओढ लागली की साठवलेल्या पैशातून त्यांनी एक जुनी बोट घेतली आणि दोघे त्या पाण्यातल्या बेटाबेटांवरून हिंडू लागले. माझ्या पत्नीला या गोष्टीची काळजी आणि कौतुक दोन्ही वाटे. शेवटच्या आजारात ती मला म्हणाली होती, "पोरगी पाण्यावर घर करून राहते. मला काही जमलं नाही. तुम्ही तरी एकदा तिचं घर पाहून या."

ती श्रावण वद्य सप्तमीला गेली. आम्हाला मुलगा नाही, तेव्हा तिचे श्राद्ध करण्याचा अधिकार आणि भार माझाच. पहिले वर्षश्राद्ध जवळ आले तेव्हा मुलीने फोनवर हट्ट धरला, "बाबा, आईचं वर्षश्राद्ध माझ्या घरी करा." आमच्या घराण्यात समुद्र ओलांडणे निषिद्ध मानत. मी बराच विचार केला, परतल्यावर प्रायश्चित्त घेण्याचे ठरवले आणि निघालो. दर्भाची जुडी आणि तिळाची पुरचुंडी विमानतळावरच्या अधिकाऱ्याने नम्रपणे काढून घेतली; त्या देशांत परके बी-गवत आत येऊ देत नाहीत. तीळ मुलीने तिथल्या दुकानातून आणले. दर्भ मिळाला नाही.

विमानतळ असलेल्या त्या मोठ्या बेटावरून आम्ही शनिवारी शीड उभारले. पाच दिवसांच्या अंतरावर एक लहान, डोंगराळ बेट होते. तिथे गोड्या पाण्याचा ओढा आहे, वस्ती थोडी आहे आणि किनारा शांत आहे, असे जावयांनी सांगितले. पंचांगात सप्तमी गुरुवारी होती. गुरुवारी दुपारी ओढ्याकाठी श्राद्ध, असा बेत ठरला.

पहिले चार दिवस मी बोटीच्या पोटात आडवा होतो. अन्न पोटात ठरत नव्हते. संध्यावंदन पडल्या पडल्या मनातच करीत होतो. जावई अधूनमधून डोके आत घालून विचारीत, "मामाजी, कसं काय? जीवात जीव हाय न?"

"आहे, जावईबापू. पण तो एका जागी नाही."

"थांबा न जी. शेलूबाजार ते वाशीम जीपच्या टपावर बसून गेल्यावानी समजा. सवय होते."

बुधवारी पहाटे मला प्रथमच बरे वाटले. मुलीचा हात धरून मी वर आलो. आकाश चार दिवसांनी स्वच्छ झाले होते. वद्य पक्षातला चंद्र उत्तरेकडे, आमच्याकडे कधी दिसत नाही तिथे, लटकलेला होता. मी अर्घ्य देण्यासाठी पूर्वेकडे वळणार, इतक्यात माझी नजर कृत्तिकांवर गेली आणि मी थबकलो.

चंद्र कृत्तिकांच्या फार जवळ आला होता. षष्ठीच्या सकाळी तो कुठे असावा हे मला पाठ होते. हात लांब करून मूठ धरली तर जेवढे आकाश झाकले जाते, तेवढा तो पुढे सरकला होता. चंद्र चुकत नाही. चूक दुसऱ्या कोणाची तरी होती.

मी खाली बसलो आणि बोटांच्या पेरांवर मोजू लागलो. आम्ही होतो तिथले घड्याळ वाशीमच्या साडेपंधरा तास मागे चालत होते. माझे मनगटी घड्याळ मी आल्या दिवशीच मागे घेतले होते. पंचांगातली तिथी मात्र मागे घेतली नव्हती. पंचांग म्हणत होते की सप्तमी गुरुवारी रात्री साडेनऊला संपते. ते वाशीमचे साडेनऊ. साडेपंधरा तास वजा केले तर इथे ती गुरुवारी पहाटे सहालाच, सूर्य उगवण्यापूर्वी, संपत होती. गुरुवारच्या दुपारी आम्ही ओढ्याकाठी बसलो असतो तेव्हा अष्टमी असती. सप्तमी आजची होती. तासाभरात लागणार होती.

वार्षिक श्राद्धाला तिथी हवी ती अपराह्णाला. दिवसाचे पाच भाग केले तर चौथा भाग तो अपराह्ण. त्या दिवशी तो साधारण सव्वा ते साडेतीन. आणि पाय टेकायला जमीन कुठेच दिसत नव्हती.

माझा पहिला विचार गप्प राहण्याचा होता, हे मी कबूल करतो. सांगितले तर मुलगी नवऱ्याला घाई करायला लावेल. ते दोघे समुद्राचे नियम पाळणारे. मी पाहुणा, पोहता न येणारा. माझ्या गणितातल्या चुकीसाठी त्यांनी जीव का धोक्यात घालावा? उलट, गप्प राहिलो तर उद्या अष्टमीला मी मुलीसमोर सप्तमीचा संकल्प उच्चारणार. जिच्यासाठी एवढे आलो तिच्या नावाने खोटे बोलणार. मला दोन्ही अशक्य वाटले. शेवटी मी आधी जावयांनाच सांगायचे ठरवले. ते सुकाणूपाशी एकटे होते, मुलगी खाली चहा करीत होती.

सगळे ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "मामाजी, तुमी पंडित मानूस. काल काहून नाई सांगितलं?"

"काल मी चंद्र पाहिला नव्हता."

"आन पंचांग?"

"पंचांग वाशीमचे आहे. मीही."

ते हसले नाहीत. त्यांनी समोरच्या क्षितिजाकडे पाहिले. "चाळीस मैल हाये. आमी मुद्दाम शीड लहान करून हळू चाललो होतो. आज संध्याकाळी बेटाबाहेर पोचायचं, रातभर बाहेरच घिरट्या घालायच्या, आन उद्या दुपारी आत. का, तं त्या बेटाभोवती प्रवाळाचं कुंपन हाय. कुंपनाले पश्चिमेकडून एकच खिंड. दुपारनंतर ऊन पाठीवर असलं का पान्याखालचे खडक दिसतात. सकाळी ऊन डोयात. तवा नाई जमत."

"आज दुपारी?"

"वारा चांगला हाय. पूर्न शीड सोडलं तं दोन-अडीचले पोचू. पन खिंडीतलं पानी कसं हाय ते तिथं गेल्यावरच समजते, मामाजी. मी पोचवीन म्हन्तो. आत नेईन असं म्हनत नाई."

"मी तेवढेच मागतो," मी म्हणालो.

मुलगी चहाचे पेले घेऊन वर आली आणि आम्हा दोघांच्या तोंडाकडे पाहून तिने विचारले, "काय झालं?" मी सांगितले. पेले माझ्या हातात देऊन ती डोलकाठीकडे गेली आणि आवळून बांधलेले शीड सोडू लागली.

बोट एका बाजूला झुकली आणि धावू लागली. माझ्या पाठीमागून लाटा उचलल्या जात आणि बोटीखालून पुढे निघून जात. मी आंघोळ केली, म्हणजे एक तांब्या गोडे पाणी अंगावर घेतले, आणि धूतवस्त्र नेसून मागच्या बाजूला बसून राहिलो. मुलीने खाली भात शिजवला. पातेले कलंडू नये म्हणून ती ते गुडघ्यांत धरून बसली होती. तिची आईही पितरांचा स्वयंपाक असाच न बोलता करीत असे.

अकराच्या सुमारास क्षितिजावर एक ढग दिसला. तो जागचा हलेना. "ढग नाई तो," जावई म्हणाले, "ढगाखाली बेट हाय." तासाभराने ढगाखाली हिरवा दात उगवला. मग दक्षिणेकडून काळी सर आली आणि बेट पुसले गेले. पाऊस इतका दाट की बोटीचे पुढचे टोक दिसेना. शीड पुन्हा लहान करावे लागले. घड्याळात एक वाजून गेला, सव्वा झाला, अपराह्ण सुरू झाला. कोणी वेळ बोलून दाखवली नाही, पण मुलगी दर थोड्या वेळाने मनगटाकडे पाही आणि हात पाठीमागे नेई.

सर ओसरली तेव्हा बेट एकदम समोर उभे होते. डोंगराच्या उतारावर नारळीची झाडे मोजता येत होती. त्याच्या आणि आमच्यामध्ये पांढऱ्या फेसाची एक सलग रेघ होती, आणि त्या रेघेत बैलगाडी जाईल एवढी दिसणारी, प्रत्यक्षात थोडी अधिक रुंद असलेली फट. अडीच वाजून गेले होते.

मुलगी डोलकाठीवर अर्ध्या उंचीपर्यंत चढली. तिथून तिला पाण्याचा रंग दिसत होता. निळे म्हणजे खोल, हिरवे म्हणजे जपून, तपकिरी म्हणजे खडक. जावयांनी शीड उतरवले, इंजिन सुरू केले आणि बोट खिंडीकडे वळवली.

"काय दिसून राह्यलं?"

"मधून निळं आहे! पण फेस आहे. उजवीकडे काही दिसत नाही, सगळा फेसच."

बोटीची गती मंदावत गेली. इंजिनाचा आवाज तोच होता, पण किनाऱ्यावरचे झाड जवळ येईना. बेटाभोवतीच्या उथळ पाण्यात दक्षिणेकडून लाटा भरत होत्या आणि ते सारे पाणी या एका फटीतून बाहेर धावत होते. नदीला पूर आल्यावर पुलाखालचे पाणी असते तसे ते पाणी होते.

"अजून थोडं रेटून पाहा ना!" मुलगी वरून ओरडली. "मध्ये जागा आहे!"

"पूर्न रेटून राह्यलो! आपलं इंजिन एवढंच हाय!"

"पावणेतीन झालेत!"

"मले घड्याळ दिसते न, माय!"

जावयांनी बोट आहे त्या जागी तोलून धरली. त्यांच्या मानेवर घाम होता. त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिले. "मामाजी, तासा-दीड तासात हे पानी बसंन, मंग आरामात जाऊ. आता घुसायचं तं घुसता येते. बोट सरळ राह्यली तं जाऊ. आडवी झाली तं नाई. तुमी सांगा."

त्यांनी ते माझ्यावर का टाकले, याचा मी नंतर अनेकदा विचार केला. सासऱ्याचा मान म्हणून असेल. कदाचित, मी हो म्हणालो असतो तर मी ते हो आयुष्यभर वाहावे म्हणूनही असेल. मला त्या क्षणी पत्नीचा शेवटच्या आजारातला चेहरा आठवला नाही. आठवली ती मुलगी, चार वर्षांची, आमच्या घरामागच्या लिंबाच्या झाडावर चढलेली, आणि खाली पदर पसरून उभी असलेली तिची आई. ती ओरडत नव्हती. पोर घाबरून हात सोडील म्हणून ती अगदी हळू आवाजात म्हणत होती, "ये, सावकाश ये."

"परत फिरवा," मी म्हणालो. "तिला खाली उतरवा."

बोट वळली. मुलगी खाली आली तेव्हा रडत होती. "बाबा, एवढं जवळ येऊन!"

"अजून अपराह्ण आहे," मी म्हणालो. "जमीन नाही. बाकी सर्व आहे."

प्रवाळाच्या बाहेर, लाटांपासून आडोसा होता तिथे, जावई बोट पुढे-मागे फिरवीत राहिले. मी दक्षिणेकडे तोंड करून बसलो. जानवे उजव्या खांद्यावर घेतले. मुलीने मागून माझ्या कमरेला हात घालून मला धरले. पिंड ठेवायला भूमी लागते, दर्भ लागतो; तेव्हा पिंडदान होणार नव्हते. तिळाचे पाणी देता येणार होते. आमच्या टाकीतले पिण्याचे पाणी मोजके होते. जावयांनी न विचारता तांब्या भरून दिला.

संकल्पात देश आणि काल उच्चारावा लागतो. जंबुद्वीप, भरतखंड, गोदावरीचा उत्तर तीर, हे शब्द साठ वर्षे माझ्या जिभेवर आपोआप येत होते. त्या दिवशी ते येईनात. तिथी मात्र आली, आणि ती खरी होती. देशाच्या जागी मी एवढेच म्हटले की समुद्रावर, आमच्या मुलीच्या घरी.

तीन वेळा अंगठ्याच्या बाजूने तीळ आणि पाणी सोडले. पत्नीचे नाव घेतले. मुलगी माझ्या पाठीला डोके टेकून होती, तिच्या श्वासाची ऊब मला ओल्या वस्त्रातून जाणवत होती. शिजवलेला भात पानाअभावी ताटलीतच होता. तो मी समुद्रात सोडला नाही. तिघांनी थोडा थोडा खाल्ला. तीन वाजून वीस मिनिटे झाली होती.

साडेचारला पाणी बसले. तीच खिंड आम्ही पाचेक मिनिटांत, हलक्या इंजिनाने पार केली. मुलगी पुन्हा वर चढली होती. उजवीकडे, दुपारी जिथे नुसता फेस दिसत होता, तिथे आता पाण्याखाली पसरलेला एक लांब तपकिरी खडक दिसला. तिने वरून तो हाताने दाखवला. जावयांनी मान हलवली. नांगर वाळूत रुतल्यावर ते माझ्याजवळ येऊन बसले.

"मामाजी, तुमी घुसा म्हनले असते तं मी घुसलो असतो."

"मला ठाऊक होते," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी लहान होडीतून आम्ही किनाऱ्यावर उतरलो. पाच दिवसांनी पायाखाली न हलणारी जमीन मिळाली आणि मीच हलू लागलो. मुलीच्या खांद्याचा आधार घेऊन चालावे लागले. वस्ती मोठी नव्हती. ओढ्याच्या काठाने एक पायवाट डोंगराकडे जात होती. दोन्ही बाजूंना पाणथळ वाफे होते आणि त्यांत कमरेएवढे अळू. मी उभाच राहिलो. माझ्या गावाचे एकही चिन्ह तिथे नसेल अशी माझी समजूत होती, आणि समोर श्राद्धाच्या पानावर वाढतात ते अळू हातभर पाने पसरून डोलत होते.

वाटेवरच्या एका घरासमोर अंगणातच दगडी थडगे होते, त्याभोवती पांढऱ्या प्रवाळाचा चुरा अंथरलेला. एक वृद्ध बाई झाडूने त्यावरची पाने काढीत होती. तिने आम्हाला बसायला चटई दिली. ती थोडे इंग्रजी बोले. मुलगी मला सांगत होती. थडगे तिच्या नवऱ्याचे. तिने विचारले, हे म्हातारे गृहस्थ इतक्या दूर का आले? मुलीने सांगितले, आईसाठी, आईला जाऊन वर्ष झाले. बाईने विचारले, तिचे थडगे कुठे आहे?

मुलगी अडखळली. मी म्हणालो, "तिला सांग, आमच्यात जागा ठेवत नाहीत. फक्त दिवस ठेवतात."

बाईने ते ऐकले, झाडू भिंतीला टेकवला आणि विचारले, "मग तो दिवस चुकला तर?"

मी समुद्राकडे पाहिले. मला वाटते कालचे सगळे माझ्या चेहऱ्यावर दिसले असावे, कारण तिने पुढे काही विचारले नाही. आत जाऊन तिने पावसाने धुतलेल्या अळूच्या पानांची एक जुडी आणली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

शास्त्रात सोय आहे. विघ्न येऊन राहिलेले श्राद्ध कृष्ण एकादशीला किंवा अमावास्येला करता येते. ते चार दिवस मी त्या बेटावर हिंडलो. ओढ्याच्या उगमाशी, खडकांच्या सांदीत, एक धारदार लांब गवत सापडले. दर्भाचा अभाव असता जे चालते त्या जातीचे. एकादशीची वेळ मी वहीत मांडली, साडेपंधरा तास वजा केले, पुन्हा मांडली. मग मुलीला मांडायला लावली. तिचे आणि माझे उत्तर जुळले तेव्हा मी वही मिटली. त्या दुपारी ओढ्याकाठी, गवताची पवित्रके बोटांत घालून, अळूच्या पानांवर पिंड ठेवून मी श्राद्ध पूर्ण केले. जावई धोतर नेसून आले होते. ते त्यांच्या अंगाला बसत नव्हते, आणि निऱ्या सुटू नयेत म्हणून ते दोन्ही हातांनी धरून उभे होते.

वाशीमला परतल्यावर मी प्रायश्चित्त घेतले. दोन विद्यार्थी अजून माझ्याकडे येतात. गणिताचा तो भाग आला तेव्हा एकाने सवयीने पान उलटायला हात घातला. मी तो थांबवला. "देशांतर मांडा."

"पण गुरुजी, आपलं शून्य येतं."

"शून्य येऊ द्या. मांडून येऊ द्या."

या श्रावणात मुलगी आणि जावई आणखी पूर्वेला, दुसऱ्या कुठल्या बेटाच्या वाटेवर आहेत. परवा तिचा फोन आला. आवाज तुटत होता, मागे वारा होता.

"बाबा, यंदा सप्तमी आमच्याकडे कधी?"

"तुम्ही आज कुठे आहात ते आधी सांग," मी म्हणालो, आणि वही उघडली.